शत्रूची घडण : एका पटखेळाची पन्नास वर्षे

नायक कसा असावा याविषयी आपल्या साहित्यशास्त्राने जेवढे लिहून ठेवले आहे, त्या मानाने प्रतिनायकाची बोळवण फार थोडक्यात झाली आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकाचे चार प्रकार आणि त्यांचे गुण सविस्तर सांगितले आहेत, प्रतिनायकाच्या वाट्याला मात्र मोजकी विशेषणे आली आहेत. तो लोभी, उद्धत, हेकट, पापी आणि व्यसनी असावा, एवढेच. टीकाकार धनिकाने रावण आणि दुर्योधन ही उदाहरणे दिली आणि विषय संपला. वास्तविक या दोघांपैकी एकही या विशेषणांत मावत नाही. लोभ आणि औद्धत्य यांपलीकडे त्यांच्यात काहीतरी आहे, म्हणून तर ते अजून आपल्या बोलण्यात येतात. ते ‘काहीतरी’ कोणते, आणि शत्रू मनात ठसतो तो कशामुळे, या प्रश्नाचा विचार गेल्या पन्नास वर्षांत एका अनपेक्षित ठिकाणी मोठ्या चिकाटीने झाला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेत जन्मलेला एक पटखेळ. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा प्रवास मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. एकाला वगळून प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र काय बोलते, काय करते, हे ज्याने त्याने सांगायचे. जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकायचे. उरलेला एकजण डन्जन मास्टर. आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला चपखल बसतो. नायकांखेरीजचे सारे जग त्याच्या ताब्यात असते : गावे, हवामान, वाटेतील म्हातारी, आणि अर्थातच शत्रू. या खेळाची खरी मौज येथे आहे. बुद्धिबळात समोरचा माणूस जिंकण्यासाठी बसलेला असतो. सूत्रधाराला जिंकायचे नसते. त्याने मनात आणले तर एका वाक्यात तो सगळ्या नायकांना मारू शकेल. त्याला शत्रू असा उभा करायचा असतो, की त्याच्याशी झुंजण्यात खेळाडूंना अर्थ वाटावा. आणि वेळ आली की आपल्याच निर्मितीचा पराभव आनंदाने पाहायचा असतो. शत्रू घडवण्याची कला येथे हौसेची बाब राहत नाही, खेळाची गरज बनते.

या खेळाचे मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडते. तेथील एक अधिकारी फॉन राइसवित्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर दोन पक्ष, आणि मध्ये एक पंच. आपल्या सैन्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्या त्या पक्षाला सांगे. शत्रू धुक्याआड ठेवण्याची ही पद्धत पुढे फार मोलाची ठरली. दीडशे वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेझ्ली या तरुणाच्या हाती चार्ल्स टॉटन याचे ‘स्ट्रॅटेगोस’ हे १८८० चे जुने अमेरिकन युद्धखेळाचे पुस्तक आले आणि त्यातील सर्वाधिकारी पंचाची कल्पना त्याने उचलली. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन या कल्पित गावावर एक खेळ मांडला. प्रत्येक खेळाडूला गावातील एकेक व्यक्ती दिली आणि तिचा स्वतंत्र हेतूही दिला. येथे शत्रू म्हणजे समोरचे सैन्य नव्हते, ज्याचा हेतू आपल्या हेतूच्या आड येतो असा शेजारीच शत्रू होता.

त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ हे आपले कल्पित राज्य सुरू केले. त्यातील एक हकिगत या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर बनले आणि सर फँग या नावाने इतरांना इतके भारी पडू लागले, की त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या खेळाडूकरिता धर्मगुरूची भूमिका निर्माण करावी लागली. आज या खेळात सर्वत्र दिसणारा, जखमा भरून काढणारा आणि भुते पळवून लावणारा ‘क्लेरिक’ तो हाच. शत्रू आधी आला, नायक त्याच्या उत्तरादाखल जन्मला.

आर्नेसनने ही कल्पना विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सला दाखवली. दोघांच्या सहकार्यातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या एक हजार. पण पुस्तकात उतरताना शत्रूचे काहीसे नुकसान झाले. ब्राउनस्टाइनमध्ये शत्रूच्या जागी हाडामांसाचा खेळाडू होता. आता सर्व खेळाडू एका बाजूला आले आणि शत्रूपक्ष एकट्या सूत्रधाराच्या माथी आला. डझनावारी शत्रू एकट्याने चालवायचे तर ते आकड्यांत मांडणे सोयीचे होते : चिलखत किती, बळ किती, वेग किती. दुसऱ्या पुस्तिकेचे नावच ‘मॉन्स्टर्स अँड ट्रेझर’, म्हणजे ‘राक्षस आणि खजिना’ असे होते. हे शीर्षक त्या काळाची दृष्टी नेमकी सांगते. पात्राला अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्याच्या नाण्यांवर मिळत. तेव्हा शत्रू म्हणजे खजिन्यावर बसलेला पहारेकरी. तो तेथे का बसला आहे, काय खातो, त्याला काय हवे आहे, हे विचारण्याचे कारण नव्हते. या वर्गातील काही प्राणी तर गायगॅक्सने आणलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून बेतले गेले. लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ हा त्यांपैकी एक.

या संग्रहात आपल्याकडचाही एक पाहुणा आहे, आणि त्याची वाट मोठी वळणाची आहे. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. शिकागोच्या एका वस्तीत वृद्ध ज्यू रहिवासी एकामागून एक मारले जात आहेत. भिंतींवर स्वस्तिके दिसतात. लोकांना साहजिकच नाझींचा संशय येतो. प्रत्यक्षात ती स्वस्तिके एका वृद्ध हिंदू गृहस्थाने वस्तीच्या रक्षणासाठी रेखाटलेली असतात, आणि मारेकरी असतो राक्षस. ज्याच्यावर आपला सर्वांत अधिक विश्वास, त्याचेच रूप घेऊन तो समोर येतो. आणि अभिमंत्रित बाणाखेरीज त्याला मरण नाही. वर्षभरात, १९७५ च्या अखेरीस, याच दोन वैशिष्ट्यांसह ‘राक्षस’ हा शत्रू डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मुखपत्रात अवतरला, आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर याने त्याचे चित्र काढले : वाघाचे मस्तक, उंची अंगरखा आणि ऐटीत धरलेला पाइप. लंकेशी या गृहस्थांचे नाते दूरचे आहे. तरी विश्वासाचे रूप घेऊन येणारा शत्रू हे मारीचाला आणि साधुवेषातील रावणाला ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला अगदीच परके वाटू नये. एक मात्र येथे नोंदवून ठेवू. त्या पुस्तकात प्रत्येक प्राण्यापुढे त्याची नैतिक जात छापलेली असे, आणि राक्षसापुढे ‘दुष्ट’ असा शिक्का होता. एखाद्या राक्षसापुढे नव्हे, साऱ्या राक्षसकुळापुढे. या शिक्क्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आकड्यांच्या या जंगलातून शत्रूला बाहेर काढण्याचा पहिला प्रयत्न स्वतः गायगॅक्सनेच केला. १९७८ मध्ये त्याने राक्षसकाय ‘जायंट’ लोकांविरुद्धच्या तीन साहसपुस्तिका प्रसिद्ध केल्या. डोंगरी जायंट गावांवर धाडी घालतात, नायक त्यांच्या गढीत शिरतात. पण जसजसे पुढे जावे तसतसे कळते, की हे धिप्पाड लोक कोणाच्या तरी सांगण्यावरून चालले आहेत. आणि पडद्यामागे भूगर्भात राहणारे ‘ड्राऊ’ हे काळे एल्फ आहेत. धाडीच्या पाठीशी राजकारण आहे हे कळताच मागील प्रत्येक लढाईचा अर्थ बदलतो. तरीही या सूत्रधारांमागील सूत्रधाराला भेटण्याआधी त्याच्याविषयी काही वाटावे, अशी सोय त्यात थोडीच होती.

ती सोय केली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने. एका खेळात भुयारातून जाताना ट्रेसी यांची गाठ एका व्हॅम्पायरशी पडली. इतर चिल्लर शत्रूंप्रमाणे तोही एका खोलीत उभा होता. हा येथे काय करतो आहे, असा साधा प्रश्न त्यांना पडला. पतिपत्नीने व्हॅम्पायरच्या कथांचा मागोवा घेतला आणि आपला स्वतःचा खलपुरुष रचला. हॅलोविनच्या सणाला मित्रमंडळींसह अनेक वर्षे खेळून पारखलेले हे साहस १९८३ मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा नायक म्हणा वा प्रतिनायक म्हणा, तो म्हणजे काउंट स्ट्राड फॉन झारोविच.

स्ट्राडची कथा थोडक्यात अशी. आयुष्य युद्धात घालवलेला हा सरदार बारोव्हियाच्या खोऱ्यात गढी बांधतो. तारुण्य गेलेले, मन करपलेले. धाकटा भाऊ सर्गेई तेथे येतो आणि तात्याना या तरुणीच्या प्रेमात पडतो. स्ट्राडलाही तीच हवी असते. तिच्या दृष्टीने तो वडीलधारा दीर. शेवटी तो मृत्यूशी करार करतो, लग्नाच्या दिवशी भावाचा खून करतो, आणि तात्याना त्याच्यापासून पळताना कड्यावरून उडी घेते. स्ट्राड अमर होतो, पण त्या खोऱ्यात कोंडला जातो. पुढे गावात तात्यानासारखीच दिसणारी इरीना नावाची मुलगी आढळते आणि तो पुन्हा तिच्या मागे लागतो. नायक नेमके याच वेळी येऊन पोहोचतात.

या रचनेत तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली अशी, की स्ट्राड शेवटच्या खोलीत वाट पाहत बसत नाही. तो मधूनच येतो, चाचपणी करतो, डाव अंगावर येतो आहे असे दिसताच निघून जातो. शेवटची गाठ पडेपर्यंत खेळाडू त्याला ओळखू लागलेले असतात. दुसरी गोष्ट, त्याला स्वतःचे काम आहे. नायक आले नसते तरी त्याचा दिवस रिकामा गेला नसता. तिसरी गोष्ट खास खेळाची आहे. आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते, आणि ते पत्ते खरोखरच मेजावर मांडले जातात. स्ट्राड कोठे भेटेल, त्याचा या खेपेचा हेतू काय, त्याला मारू शकणारी तलवार कोठे दडली आहे, हे त्या पत्त्यांवर ठरते. म्हणून तेच पुस्तक दोन गटांनी खेळले तरी शत्रू तोच राहूनही वेगळा निघतो.

परंतु स्ट्राड चाळीस वर्षे टिकला, २०१६ मध्ये त्याच्यावर ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे नवे पुस्तक निघाले, याचे कारण या युक्त्यांपेक्षा खोल आहे. त्याला दुसरा मार्ग होता. तो भावाच्या लग्नात आशीर्वाद देऊन बाजूला होऊ शकला असता. त्याची तळमळ खरी आहे, तिच्याविषयी कणवही वाटते. आणि तरीही तात्यानाला एक माणूस म्हणून त्याने कधी पाहिलेच नाही, हे लपत नाही. व्हॅम्पायरच्या शृंगारिक मुलाम्याखाली मूळचा स्वार्थी, लुबाडणारा पशू दिसावा, अशीच आपली इच्छा असल्याचे ट्रेसी हिकमन यांनी पुढे लिहिले आहे. शत्रू समजणे आणि त्याला माफ करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या साहसाने हजारो तरुण मंडळींना मेजावर बसून शिकवले.

याच सुमारास दुसऱ्या दोन खेळांनी या प्रश्नाला वेगळी उत्तरे दिली. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ आला. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेल्या या खेळात अंतिम शत्रू इतका प्रचंड आणि उदासीन आहे, की माणसांचा द्वेष करण्याइतकीही दखल तो घेत नाही. त्याला पाहिले की पात्राच्या मानसिक समतोलाचा आकडा घटत जातो. मात्र अशा खेळातही कथा चालते ती त्या शक्तीला आवाहन करणाऱ्या माणसांमुळे. ज्यांनी विचारपूर्वक तो मार्ग धरला अशा प्राध्यापक, व्यापारी, गावकऱ्यांमुळे. भय त्या महाकाय शक्तीचे वाटते, संताप या माणसांचा येतो.

त्याच वर्षीच्या ‘चॅम्पियन्स’ या महानायकांच्या खेळाने शत्रू निवडण्याचा अधिकार चक्क खेळाडूला दिला. पात्र घडवताना ‘माझ्या मागावर अमुक आहे’ असे खेळाडूने लिहून दिले, तर त्या बदल्यात त्याला अधिक सामर्थ्य विकत घेण्याचे गुण मिळत. शत्रू किती वेळा उगवेल तेही ठरलेले. तीन फाशांची बेरीज ८ किंवा कमी आली तर तो येतो, असा करार केला तर चार खेपांतून साधारण एकदा. ११ चा केला तर निम्म्याहून अधिक वेळा. आणि १४ चा केला तर दहापैकी नऊ वेळा. हिशेब व्यापारी वाटतो, पण त्यामागची जाण मार्मिक आहे. ज्याचा शत्रू त्याच्याच भूतकाळातून आला आहे, त्याला ‘तू याच्याशी का लढतोस’ असे विचारावे लागत नाही. सूत्रधाराच्या मदतीला खेळाडू आला, आणि शत्रू ही दोघांची सामाईक निर्मिती झाली.

मेजाबाहेरच्या जगाला मात्र या खेळात भलताच शत्रू दिसू लागला होता. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, १९८२ मध्ये व्हर्जिनियातील एका मुलाने आत्महत्या केली, आणि दोन्ही प्रसंगांचा दोष या खेळावर आला. मुले सैतानाची पूजा शिकतात, असा प्रचार झाला. ज्या मुलांच्या मेजावर सैतानाशी लढाई चालली होती, त्यांनाच सैतानाचे साथी ठरवले गेले. प्रकाशकांनी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत असुर आणि सैतान यांची प्रचलित नावे गाळली, आणि नंतर त्यांना बनावट नावे देऊन परत आणले. नाव बदलल्याने शत्रू सौम्य झाला नाही, फक्त बेचव झाला.

१९९१ मध्ये मार्क राइन-हेगन यांच्या ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ने तर बाजूच उलटवली. येथे खेळाडूच व्हॅम्पायर. आपल्यातील माणुसकी किती उरली याचा आकडा पात्राच्या कागदावरच लिहिलेला असे आणि प्रत्येक दुष्कृत्यागणिक तो खाली येण्याची भीती असे. जवळचा शत्रू आपल्या आतच बसला आहे, हे संतसाहित्यात वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. पण त्याचा फाशांनी हिशेब ठेवलेला पाहून कौतुक वाटते. पुढे २०१० मध्ये व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ने सूत्रधारासाठी एक सुटसुटीत शिस्त घालून दिली. शत्रूचे बळ मोजत बसण्याऐवजी त्याची ओढ एका ओळीत लिहावी, आणि एक घड्याळ काढून, नायकांनी काहीच केले नाही तर पुढे काय काय घडेल, ते त्यावर टप्प्याटप्प्याने मांडावे. हिकमन दांपत्याला भुयारात पडलेल्या प्रश्नाचे हे नियमात बसवलेले उत्तरच म्हणायचे.

आता त्या शिक्क्याकडे वळू. १९७९-८० च्या सुमारास आलेल्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या पुस्तिकेतून असंख्य मुलांनी हा खेळ शिकला. तिच्यातील गुहांत ऑर्क आणि तत्सम टोळ्या राहतात, आणि गुहेत लढवय्यांबरोबर त्यांच्या स्त्रिया आणि पोरेही असल्याची नोंद आहे. लढाई संपल्यावर त्या पोरांचे काय करायचे? ती ‘दुष्ट’ जमातीची आहेत असे पुस्तक सांगते. पण अजून त्यांनी काहीच केलेले नाही. या एका प्रश्नावर किती मेजांवर वाद झडले असतील याची कल्पना खेळणाऱ्यांनाच येईल. अखेर जून २०२० मध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले असताना, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने जाहीर केले, की ऑर्क आणि ड्राऊ यांना यापुढे इतर मानवी समाजांइतकेच नैतिक व सांस्कृतिक वैविध्य असलेले लोक म्हणून दाखवले जाईल; आणि ‘कर्स ऑफ स्ट्राड’मधील भटक्या व्हिस्तानी लोकांचे चित्रणही, ते रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांना धरून असल्याने, सुधारले जाईल. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ऑर्क हे खेळाडूने घ्यावयाच्या पात्रांच्या यादीत आले.

यावर जुन्या खेळाडूंनी कुरकुर केली. शत्रू उरलाच नाही तर लढायचे कोणाशी, असा त्यांचा सवाल. तो अगदीच अनाठायी नाही. संध्याकाळच्या दोन घटका निःशंकपणे तलवार चालवावी, या इच्छेत पाप नाही. परंतु खेळाचा इतिहासच त्यांना उत्तर देतो. गुहेतले कित्येक ऑर्क मेले, त्यांतील एकाचेही नाव कोणाला आठवत नाही; स्ट्राडचे नाव सर्वांना आठवते. जन्मानेच दुष्ट असलेला शत्रू दुष्टपणा करतो तेव्हा तो केवळ निसर्गक्रमाने वागत असतो. पुराचा किंवा वणव्याचा राग धरावा तितकाच त्याचा. ज्याला दुसरा मार्ग मोकळा होता आणि ज्याने तो नाकारला, तोच खऱ्या अर्थाने शत्रू होऊ शकतो. आपल्या महाकाव्यांना हे पूर्वीच उमगले होते. बिभीषण राक्षसच होता, घटोत्कचाची आई हिडिंबाही राक्षसीच. बिभीषण रामाकडे गेला, यामुळेच रावणाचे न जाणे ठसठशीत होते. साऱ्या कुळावर शिक्का मारला असता तर बिभीषण अशक्य झाला असता, आणि त्याबरोबर रावणाचा अपराधही पुसट झाला असता.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त नंदांचा अमात्य राक्षस हा चाणक्याचा प्रतिस्पर्धी आहे. चाणक्याची सारी खटपट त्याला मारण्यासाठी नाही, आपल्या बाजूला वळवून चंद्रगुप्ताचा अमात्य करण्यासाठी आहे. कारण त्याची स्वामिनिष्ठा आणि योग्यता त्याने ओळखली आहे. सूत्रधाराच्या मेजावरही असे घडू शकते. खेळाडू तलवार म्यान करतात आणि शत्रूशी बोलू लागतात, तेव्हा सूत्रधाराची परीक्षा होते. आकड्यांपुरता उभा केलेला शत्रू तेथे मुका पडतो. ज्याच्या निवडीचा विचार आधी झाला आहे, तो मात्र उत्तर देतो. आणि ते उत्तर ऐकून काय करायचे, ही निवड आता नायकांवर येऊन पडते.